शिल्पबागेतली गॅलरी: डोंगरात की खाणीत?

नाशिकला कधी शिल्पबाग झालीच, तर इमारतीसाठी इंग्लंडच्या यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कमधले दोन नमुने पाहावेत. तिथली २००५ ची अंडरग्राउंड गॅलरी उतारात खोदलेली आहे, छपरावर हिरवळ. २०१९ ची वेस्टन गॅलरी जुन्या दगडखाणीच्या जागी, जमिनीवर.

खोदकामाचं आपल्याला अप्रूप नाही. पांडवलेणीतली २४ लेणी बेसाल्टमध्येच कोरलेली, भर उन्हाळ्यातही आत गारवा. पण पावसाळ्यात भेगांतून पाणी झिरपलं की लाकडी-कागदी कलाकृतींची वाट लागते. वॉटरप्रूफिंगचा खर्च कायमचा मानगुटीवर.

वेस्टनची खरी हुशारी विटांत आहे. न भाजलेल्या मातीच्या या विटा हवेतला ओलावा शोषतात आणि हवा कोरडी झाली की परत सोडतात. त्यामुळे मोठ्या एसी यंत्रणेवरचा भार हलका होतो. (कच्च्या विटांची आपल्याकडे काय वानवा?) आपल्या पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने दमट राहिली, तर त्यांना सुकायला उसंत मिळेल का, ही शंका मात्र रास्त आहे.

तरी माझा कौल वेस्टनलाच. खडीसाठी पोखरलेल्या टेकड्या नाशिकभोवती आहेतच. धडधाकट टेकडी नव्याने कशाला फोडायची?