थॉर्प कप की गोत्झिस?

स्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामा, लेकाला डेकॅथलॉन दाखवायचंय. वर्षातून एकदाच दोन दिवसांची सुट्टी जमते. थॉर्प कपचा सांघिक सामना बघू की गोत्झिसला जाऊ?" फोनवर गडबडीत काहीतरी सांगून टाकलं. नीट उत्तर देतो ते हे. (डेकॅथलॉन म्हणजे धावणं, उड्या आणि फेकीचे दहा प्रकार दोन दिवसांत, प्रत्येकाचे गुण धरून बेरीज. हेप्टॅथलॉन म्हणजे तसेच बायकांचे सात.) दक्षिण जर्मनीत राहणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

आधी गोत्झिस, कारण त्याबद्दल सांगणं सोपं आहे. हे ऑस्ट्रियातलं, फोरार्लबर्ग प्रांतातलं छोटं गाव. तिथे मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला याच दोन प्रकारांची हिपोमीटिंग नावाची स्पर्धा भरते, १९७५ पासून. निमंत्रण मिळालेलेच येतात, त्यामुळे जगातले पहिल्या फळीतले बरेचसे तिथे सापडतात. २००१ साली चेक खेळाडू रोमान शेब्रलेने याच मैदानावर ९०२६ गुण केले. डेकॅथलॉनमध्ये ९००० ओलांडणारा तो पहिला माणूस. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अॅना हॉलने हेप्टॅथलॉनमध्ये ७०३२ केले. आपल्या स्वप्ना बर्मनचं २०१८ चं जाकार्तातलं आशियाई सुवर्ण आठवत असेल, तर ते ६०२६ गुणांचं होतं. हजाराचा फरक म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांनी दिसतं. मैदान लहान आहे, प्रेक्षक ट्रॅकच्या अगदी जवळ असतात, पोरं सह्या गोळा करत फिरतात. स्टुटगार्टहून गाडीने तीन तासांच्या आत-बाहेर पोचता. ऑस्ट्रियाच्या महामार्गाचा टोल-स्टिकर होहेनेम्स गावापर्यंत लागत नाही आणि गोत्झिस त्याच्या जरासं पुढे आहे. होहेनेम्सलाच उतरून गावातल्या रस्त्याने गेलात तर तेवढे पैसे वाचतात. (आपल्या माणसाला हे आधी सांगावं लागतं.)

थॉर्प कप वेगळा. जर्मनी विरुद्ध अमेरिका, डेकॅथलॉन आणि हेप्टॅथलॉन दोन्हींत. १९९० च्या दशकात सुरू झालेली ही लढत कधी इकडे होते, कधी तिकडे. जर्मनीत असते तेव्हा मारबुर्ग किंवा बेर्नहाउझेनला झालेली आहे, आणि बेर्नहाउझेन तर स्टुटगार्ट विमानतळाच्या शेजारी. नाव अमेरिकन खेळाडू जिम थॉर्पचं. त्याने १९१२ ला स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची) आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकली. पुढच्याच वर्षी, पूर्वी बेसबॉल खेळून चार पैसे घेतले म्हणून, पदकं काढून घेतली. एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद पुन्हा झाली ती थेट २०२२ साली.

इथे मोठ्या आकड्यांची आशा धरू नका. उन्हाळ्यात त्याच सुमारास ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धा असते, म्हणून अव्वल मंडळी बहुधा अंग राखून असतात. तेजस्विन शंकरने हांगझोऊला ७६६६ गुणांवर आशियाई रौप्य मिळवलं, साधारण त्याच्या आसपासचे आणि थोडे वरचे खेळाडू दिसतील. बेर्नहाउझेनला लागूनच असलेल्या लाइनफेल्डन-एश्टरडिंगनमध्ये वाढलेला लिओ नॉयगेबाउअर २०२५ ला टोकियोत ८८०४ गुणांनी जगज्जेता झाला. तेव्हा या पट्ट्यातल्या मैदानांवरून कोण पुढे जाईल, सांगता येत नाही.

मग सांघिक का बघायचं? एक उदाहरण घ्या. लांब उडी, पहिल्या दोन्ही उड्या फाऊल. मुलगा रन-अपच्या खुणेशी उभा, कोच कठड्यावर ओणवा. उड्या तीनच मिळतात. गोत्झिसला हाच मुलगा कदाचित फळीवर अचूक पाय टाकायचा डाव खेळेल. फसला तर शून्य, आणि शून्य मिळाल्यावर अनेकजण पुढच्या स्पर्धेसाठी शरीर वाचवायला तिथेच थांबतात. संघासाठी खेळणारा खूण पाऊलभर मागे सरकवतो, फळीच्या अलीकडूनच उडतो, सात मीटर भरतात, पांढरा झेंडा वर जातो. ७.३० मीटरला ८८६ गुण असतात, ७.०० ला ८१४. बहात्तर गेले, आठशे राहिले. बाकावरचे सोबती जे ओरडतात ते या आठशेसाठी.

१९७३ ला सुरू झालेल्या डेकॅथलॉनच्या युरोपियन कपाच्या सांघिक स्पर्धेत तर चौघांतल्या तिघांचेच गुण धरत. चौथा म्हणजे राखीव विमा. दुसऱ्या दिवशी एखाद्याचा स्नायू धरला की कालपर्यंत कुणी न विचारलेला चौथा एकदम महत्त्वाचा होतो. पोल व्हॉल्टमध्ये त्याने सुरुवातीची उंची जरा खालची मागितली की समजावं, वरून निरोप आलाय. तिथे दहा सेंटिमीटरला तीस गुण मिळतात, पण सुरुवातीच्याच उंचीवर तिन्ही प्रयत्न चुकले तर एकही नाही.

शेवटची १५०० मीटरची शर्यतही अशीच. एका सेकंदाला साधारण सहा-सात गुण. गोत्झिसला जो-तो स्वतःच्या आकड्यामागे धावतो. सांघिक सामन्यात कोणी कोणाला किती सेकंदांनी मागे टाकायचं, हा हिशोब पोरगाही वहीत करू शकतो. कंटाळा येत असेल तर तोच घालवायचा उपाय.

एक अडचण: डेकॅथलॉन म्हणजे मधला भरपूर वेळ. पोल व्हॉल्ट तीन-तीन तास चालतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दोन्ही दिवस पूर्ण बसवू नका, कुठेही गेलात तरी.

माझं मत विचाराल, तर मुलगा स्वतः मैदानावर जात असेल आणि नाव घेऊन खेळाडू ओळखत असेल तर आधी गोत्झिस. त्याला शेजारून धावत जाणारी अॅना हॉल कायमची लक्षात राहील. पण खेळच नवा असेल, तर थॉर्प कप बेर्नहाउझेनला असेल त्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारीच जा. पोल व्हॉल्टच्या मध्यावर पोचा, भालाफेक बघा, १५०० संपेपर्यंत थांबा. चार तासांत काम होतं, रजाही लागत नाही. भाच्याला मी फोनवर गोत्झिस सांगितलं होतं, ते मागे घेतो.