विवाहजुळणी ॲप, सहा महिने वापरून: माणशी 90 रुपये

परवा सकाळी ऑटोपेने, म्हणजे प्लॅन आपोआप पुढे सुरू होऊन, खात्यातून पुन्हा 5,400 रुपये गेले, म्हणून हे लिहायला बसले. प्लॅन सहा महिन्यांचा, 60 मोबाइल नंबर बघायची मुभा. बाकी फीचर सगळ्यांना माहीत आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑटोपेची सूचना चोवीस तास आधी यावी लागते. ती आलीही होती, नेमकी गौरी जेवणाच्या दिवशी. आणि 15,000 पर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही. परत मागितले तर, 'सेवा सुरू झाली आहे, मॅम.'

पण माझा खरा राग त्या 60 आकड्यावर आहे. मी अकाउंट्समध्ये काम करते. पहिल्याच रात्री भागाकार केला आणि तिथून बिघडलं. फोटो आवडला, लिहिलेलं आवडलं, तरी बोट थांबायचं: याच्यावर नंबर घालवावा का? ठाण्याच्या एका मुलाने दोन फोननंतर 'आईला पत्रिका पटत नाहीये' असं कळवलं, तेव्हा वाईट वाटलं ते नंबर वाया गेल्याचं. एका कंटाळवाण्या माणसाशी तीन आठवडे बोलत राहिले, पैसे वसूल व्हायला हवेत म्हणून. वहीत रकाने पाडले होते: वापरले, बुडाले, शिल्लक. आईने ती वही बघितली आणि काही न बोलता मिटून ठेवली.

आईच्या वेळी फार सोवळं होतं असं नाही. पेपरातल्या जाहिरातीला शब्दागणिक पैसे, म्हणून 'गोरी, गृहकृत्यदक्ष' एवढ्यात अख्खी मुलगी उरकायची. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, तरी 'मानपान' चालूच. पण तो हिशोब वडीलधारी करायची, मुलीला निदान नुसतं रडता यायचं. आता रडणारी मी आणि हिशोबनीसही मीच.

ॲपने दिलेल्या रिलेशनशिप मॅनेजरबद्दल. पहिल्या महिन्यात 'ताई, आई-बाबा कसे आहेत?' इतक्या मायेने विचारलं की मी तिला ऑफिसचं रडगाणं ऐकवलं. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली, ती हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे यांचा अभ्यास करून. एकीने पगारासाठी हसायचं, दुसऱ्याने पगारासाठी दरडावायचं. आमच्या मॅनेजरबाईंकडे दोन्ही खाती आहेत. तिच्यावर राग नाही, महिन्याचं टार्गेट असतं हे तिनेच सांगितलं.

इथपर्यंत एक स्टार पक्का होता.

पाचव्या महिन्यात सांगलीच्या एकाचा फोन आला. म्हणजे नंबर त्याचा खर्च झाला, माझा नाही. आधी आनंद याचाच. तिसऱ्या फोनला तो म्हणाला, 'शेवटचा नंबर दीड महिना राखून ठेवला होता, तो तुमच्यासाठी वापरला.' आणि मी लाजले! फुलं नाहीत, कविता नाही, कोटा संपवला म्हणून. मग दोघांनी आपापल्या भागाकाराची कबुली दिली. त्याने डिस्काउंटमध्ये घेतल्यामुळे त्याला माणशी 72 पडले होते. हे अजून सलतंय.

तेव्हा दोन स्टार. ऑटोपे बंद करायचं तर विवाहजुळणीच्या ॲपमध्ये शोधत बसू नका, यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द करा. माझे नवे 60 नंबर तसेच पडून आहेत, एकही उघडलेला नाही. रोज सकाळी शिल्लक मात्र बघते.