सोसायटीच्या भिंतीवरचा स्प्रे पेंट: थिनर, पेंट रिमूव्हर, प्रेशर वॉशर आणि कोटिंग यांचा आढावा

कंपाउंडच्या भिंतीवर किंवा लिफ्टच्या दारावर रातोरात कोणी स्प्रे मारून गेले की सकाळी पहिला हुकूम सुटतो तो थिनर आणून पुसून टाकण्याचा. निम्मे नुकसान या हुकमानेच होते. रंग कुठला यापेक्षा तो कशावर बसला आहे, यावर साधन ठरते. आधी फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा, सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग वेगळे काढून ठेवा. तक्रार महाराष्ट्र मालमत्ता विद्रुपीकरण प्रतिबंध अधिनियम, 1995 खाली करायची असेल तर पुसून झालेल्या भिंतीचा पुरावा उरत नाही. हे एवढे उरकले की मात्र वेळ घालवू नका. स्प्रेचा रंग काही मिनिटांत हाताला सुकतो, पण आतून कडक व्हायला त्याला एखादा दिवस लागतो. त्या पहिल्या दिवसात निम्म्या मेहनतीत काम होते.

एनसी थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचे रंग पातळ करायचा थिनर. पाचपैकी साडेतीन गुण, पण फक्त गुळगुळीत आणि रंग न दिलेल्या पृष्ठभागावर. स्टेनलेस स्टीलची लिफ्टची दारे, पॉलिश केलेला ग्रॅनाइट, ग्लेझ्ड टाइल्स, काच इथे तो उत्तम चालतो. सुती कापड भिजवा, डागावर दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, मग कडेकडून मध्याकडे पुसा आणि प्रत्येक वेळी कापडाची बाजू बदला. गोल गोल घासले तर विरघळलेला रंग चौपट जागेत पसरतो. हेअरलाइन फिनिशच्या स्टीलवर रेघांच्या दिशेनेच हात चालवा. तिथे तारेची किंवा हिरवी घासणी लावली की ओरखडे कायमचे राहतात. संडास साफ करायचे अॅसिड किंवा ब्लीचही स्टीलवर नको, त्यातल्या क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

थिनर कुठे घात करतो? पावडर कोटिंग केलेल्या ग्रिलवर आणि खिडक्यांच्या चौकटींवर तो चकाकी मारतो, कोटिंग मऊ करतो. ऑइलपेंट दिलेल्या गेटचा मूळ रंग तो डागासकट उचलतो. पार्किंगवरच्या पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यावर किंवा कॅमेऱ्याच्या घुमटावर थिनर किंवा एसीटोन लागले की प्लास्टिक धुरकट होते, त्यात बारीक तडे जातात आणि ते परत कधीच स्वच्छ दिसत नाही. अशा ठिकाणी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. ते सावकाश काम करते, पण खालच्या वस्तूला सांभाळून घेते. परमनंट मार्करसाठी तर थिनरच्या आधी तेच घ्या, कारण बहुतेक मार्करची शाई अल्कोहोलमध्येच विरघळलेली असते.

आणखी एक. थिनर साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेणारी वाफ सोडतो. लिफ्टच्या बंद केबिनमध्ये, मीटर रूममध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये तो उघडा वाटीत ओतून ठेवू नका. लिफ्ट तळमजल्यावर आणून दार उघडे ठेवा, मुख्य स्विच बंद करा आणि भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

पेंट रिमूव्हर, म्हणजे जेल. नीट वापरले तर पाचपैकी चार. कडक झालेला स्प्रे, सिमेंट काँक्रीटचे खांब, रंग न दिलेली फरसबंदी यांवर थिनरपेक्षा कितीतरी सरस, कारण ते उभ्या पृष्ठभागावर चिकटून राहते आणि रंगाला मऊ व्हायला वेळ देते. जेल चालले नाही अशी तक्रार सर्रास ऐकू येते. तिचे कारण बहुतेक वेळा एकच असते: जेल रंगासारखे पातळ ओढले जाते. थर 2 मिलिमीटर तरी हवा. हिशेब सोपा आहे. 2 मिलिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला 2 लिटर. अर्ध्या लिटरच्या डब्यात फार तर दीड फूट लांब-रुंद चौकोन निघतो. ब्रशने एकाच दिशेने थापा, परत फिरवू नका. वरून पातळ पॉलिथिन चिकटवा आणि ऊन असेल तर काम संध्याकाळवर ढकला.

डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय विकत घेऊ नका. हार्डवेअरच्या दुकानातल्या अनेक रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड असते. ते दहा-वीस मिनिटांत रंगाला पोपडे आणते, म्हणून पेंटरना आवडते. पण ते सुमारे 40 अंशांना उकळते, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जिन्याच्या तळाशी आणि लिफ्टच्या खड्ड्यात साचते आणि शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. अमेरिकेत 2019 मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर बंदी आली. साधे नायट्राइल हातमोजेही त्याच्यापुढे फार टिकत नाहीत. सोसायटीत मुले, म्हातारी माणसे, दम्याचे रुग्ण राहतात, तेव्हा बेंझिल अल्कोहोलवर आधारलेले जेलच घ्या. त्याला काही तास, कधी अख्खी रात्र लागते. तेवढी जागा दोरी बांधून बंद ठेवावी लागेल, आणि आमच्या मते ती गैरसोय सोसण्यासारखी आहे.

मऊ झालेला रंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि वर्तमानपत्रात गोळा करा. पावसाळी गटारात ढकलू नका. मग कोमट पाणी आणि थोडी डिटर्जंट पावडर घेऊन दोनदा धुवा. ही पायरी गाळली तर महिन्याभरात नवा रंग सोलून निघतो. अनेक जेलमध्ये ते लवकर उडू नये म्हणून मेण घातलेले असते आणि ते मेण भिंतीवर राहून जाते.

उघड्या विटा आणि कोकण-गोव्यातला जांभा हे सगळ्यात कठीण. छिद्रांत गेलेला रंग थिनरने विरघळतो आणि आणखी आत उतरतो. वरून साफ दिसते, वाळल्यावर अक्षरांची सावली उरते. तिथे खडूची भुकटी आणि सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारे द्रव, कालवून केलेला घट्ट लेप, साधारण 6 ते 10 मिलिमीटरचा, प्लास्टिकखाली ठेवावा आणि शेवटी प्लास्टिक काढून वाळू द्यावा, म्हणजे वाळताना रंग बाहेर ओढला जातो. दोन-तीन वेळा करावे लागते. कोटा आणि संगमरवर यांनाही हाच लेप चालतो. अॅसिड मात्र थेंबभरही नको, दगडच खाल्ला जातो.

प्रेशर वॉशर. एकटा असेल तर पाचपैकी दोन. घरगुती यंत्राचा 100 ते 130 बारचा दाब सुकलेला स्प्रे काढत नाही, गिलावा मात्र काढतो. जेलनंतर धुवायला तो छान. 25 किंवा 40 अंशांचा पंखा-नोझल लावा, भिंतीपासून फूटभर अंतर ठेवा, फिरते नोझल लावूच नका. तड्यांतून आत शिरलेले पाणी पुढे ओल म्हणून दिसते.

आता ज्याची गरज सगळ्यात जास्त पडते ते. इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा नेहमीचा भिंतीचा रंग, दिलेल्या भिंतीवरचा स्प्रे काढायच्या भानगडीत पडू नका. कुठलेही सॉल्व्हंट मूळ इमल्शनही उचलते आणि पुट्टीपर्यंत खड्डा पडतो. तो डाग बंद करायचा असतो. 150 नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासा, मार्कर असेल तर स्पिरिटने जमेल तेवढा काढा, धूळ पुसा. मग पाण्याचा नाही, तेलाचा प्रायमर मारा. पाण्याच्या प्रायमरमध्ये लाल रंग आणि मार्करची शाई विरघळून वर येते आणि तीन हात मारले तरी गुलाबी डाग डोकावत राहतो. एक रात्र वाळू द्या. डाग दिसतोच आहे असे वाटले तर दुसरा हात. वर त्याच शेडचे दोन हात, पण चौकोनी ठिगळ नको. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पूर्ण पट्टा रंगवा. उन्हाने फिकटलेल्या भिंतीवर त्याच कोडचा नवा रंगही वेगळा दिसतो. रंगकामानंतर उरलेला डबा आणि शेड कोड सोसायटीच्या ऑफिसात जपून ठेवायला सेक्रेटरींना सांगाच.

अँटी-ग्राफिटी कोटिंगबद्दल, म्हणजे भिंतीवर लिहिलेले सहज निघावे म्हणून आधीच लावायच्या थराबद्दल, कमिट्या बऱ्याचदा विचारतात. दोन भागांचे पॉलियुरेथेन कोटिंग चांगले काम करते. त्यावरचा स्प्रे सौम्य क्लीनरने निघतो आणि कोटिंग टिकते. मेणाचे स्वस्त असते, पण डागाबरोबर गरम पाण्याने निघून जाते, पुन्हा लावावे लागते. जमिनीपासून सात-आठ फुटांपर्यंत पुरे, त्याहून वर सहसा हात पोचत नाही. अट एकच: भिंत आतून कोरडी हवी. ओल धरलेल्या कंपाउंडवर पॉलियुरेथेन लावले की पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात, म्हणून हे काम जानेवारी ते मे मध्ये काढा. रस्त्याकडच्या भिंतीवर वारंवार लिहिले जात असेल तरच खर्च करा. आतल्या जिन्यासाठी तेलाचा प्रायमर आणि उरलेला डबा पुरतो.

ठेकेदार बोलावणार असाल तर दर ठरवण्याआधी तळहाताएवढ्या, नजरेआड असलेल्या जागेवर नमुना करून मागा आणि वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी, तो बघा. ओल्या भिंतीवर सावली दिसत नाही.