बडोद्यात ड्रोन उडवताना टक्कर टाळायला काय घ्यावे: कॅमेरा, लेझर की रडार?

सेन्सरच्या खोक्यावरचा पल्ला वाचण्याआधी आपला ड्रोन किती अंतरात थांबतो ते काढा. सेकंदाला १० मीटर वेग आणि ४ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदन (वेग कमी होण्याचा दर) असेल, तर थांबेपर्यंत साडेबारा मीटर जातात. अडथळा ओळखायला ०.३ सेकंद धरले, तर आणखी ३. वेग ५ वर आणला की सगळे मिळून ४.६ मीटर.

अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर, इथेच बाद. स्वस्त मॉड्यूल जेमतेम ४ मीटर पाहते, त्यात पंख्यांचा वारा. उतरताना उंची मोजायला ठीक. एकबिंदू लेझर १२ मीटर म्हणतो, पण उन्हात काळ्या भिंतीवर निम्माही उरत नाही आणि बाजूची फांदी त्याला दिसत नाही.

मांडवी, दांडिया बाजारच्या गल्ल्यांत दिवसा जोडकॅमेराच (दोन चित्रांतल्या फरकावरून अंतर काढणारा) घ्यावा. भिंत, झाड, गच्ची, सगळ्यांचे अंतर कळते. पण या गॅलरीतून त्या गॅलरीत गेलेली केबल बघा. कॅमेरे शेजारी-शेजारी, आडवी तार दोन्ही चित्रांत एकाच ओळीत, सलग सारखी. कोणता बिंदू कोणाशी जुळवायचा हेच ठरत नाही, म्हणून अंतर निघत नाही. खांब मात्र चटकन सापडतो, तेव्हा खांब दिसला की तार धरूनच चाला. सुरसागर तलावाचे पाणी, कोरी पांढरी भिंत आणि तिन्हीसांजेलाही कॅमेरा फसतो. स्पोर्ट या वेगवान मोडमध्ये तर बहुतेक ड्रोन अडथळा टाळणे बंदच करतात.

शेतात फवारणीला मिलिमीटर-लहरींचे रडार घ्या; धूळ, धुके, अंधार त्याला अडत नाही. गल्लीत नको: चित्र भरड, दोन फांद्यांमधली फट दिसत नाही, ड्रोन सारखा अडून राहतो.

हरणी विमानतळ शहरालगतच आहे, म्हणून ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. एडीएस-बी रिसीव्हर १०९० मेगाहर्ट्झवर विमानांनी स्वतः कळवलेली जागा ऐकतो. घार किंवा पतंग काही कळवत नाही.

आर्डूपायलट या उड्डाण-सॉफ्टवेअरवर स्वतः जोडणी करत असाल तर जपा: साधे अडथळा-टाळणे लॉइटर (जागा धरून राहणे) आणि अल्टहोल्ड (उंची धरून राहणे) या मोडमध्ये चालते, आखलेल्या मार्गाने आपोआप उडणाऱ्या ऑटोमध्ये नाही. ऑटोसाठी ‘ओए टाइप’ ही सेटिंग १ करावी लागते. लॉइटरची चाचणी पास झाली म्हणून तसेच ऑटोमध्ये मिशन सुरू केले की ड्रोन सरळ भिंतीत. आपोआप परत येताना ड्रोन धरतो ती आधीपासून ठरलेली उंचीही १५ मीटरच असते, ती वाढवा.

मांजा यांतल्या एकालाही दिसत नाही. १४ आणि १५ जानेवारीला, पतंगांच्या दिवसांत, ड्रोन उडवूच नका. पुढेही कित्येक आठवडे तो झाडांवर, तारांवर लोंबत असतो. उतरल्यावर प्रत्येक मोटर हाताने फिरवा; अडखळली तर पंखा काढून खाली गुंडाळलेला दोरा चिमट्याने ओढून काढा.