शंभर मिलिलिटर पाण्यातले जंतू एका चकतीवर : मेम्ब्रेन फिल्टर संच वापरून पाहिल्यावर

गावच्या पाण्याची तपासणी म्हटली की आपल्याकडे दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर जलसुरक्षक करतो ती ओटी टेस्ट. दुसरी, एच-टू-एसची, म्हणजे जंतूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड ओळखणारी बाटली. ओटी टेस्ट पाण्यात क्लोरिन उरलाय का एवढंच सांगते, जंतूंबद्दल एक अक्षर नाही. एच-टू-एसची बाटली जंतूंबद्दल बोलते, पण होय किंवा नाही इतकंच. पाणी काळं झालं की दूषित, नाही झालं की ठीक. १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच ही कागदी पट्टीची चाचणी मांडली आणि तिचे उपकार मोठे आहेत, कारण ती आशाताईंपासून शाळेच्या मुलांपर्यंत कुणालाही जमते. तरी त्या काळ्या बाटलीने ग्रामपंचायतीत काम हलत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. "पावसाळ्यात सगळ्याच बाटल्या काळ्या होतात की मॅडम," असं म्हणून ती कपाटावर ठेवली जाते.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्या विभागाने विद्यार्थ्यांबरोबर गावोगाव नेता येईल असा मेम्ब्रेन फिल्टर संच घेतला, त्याला आता काही वर्षं झाली. अशा संचांपैकी जगात सर्वांत जास्त नाव झालं ते डेलअग्वाचं. ऑक्सफॅम या मदतसंस्थेसाठी इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात १९८०च्या दशकात त्याची घडण झाली, निर्वासितांच्या छावण्यांत वापरता यावा म्हणून. आमचा संच त्याच धर्तीचा, पण दुसऱ्या कंपनीचा आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने या जातीच्या सगळ्याच संचांना लागू पडतं.

पेटी उचलायला जड, पण मोटरसायकलवर मागे बसणाऱ्याच्या मांडीवर मावते. आत स्टीलचं फनेल, त्याखाली फिल्टर धरणारी जाळी, हाताने ओढायचा व्हॅक्युम पंप, अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या पेट्री डिश, चिमटा आणि बॅटरीवर चालणारा इन्क्युबेटर, म्हणजे डिश ठराविक उबेत ठेवणारी पेटी. साऱ्याचा जीव आहे तो ४७ मिलिमीटर व्यासाच्या पांढऱ्या चकतीत, म्हणजे मेम्ब्रेनमध्ये. तिची छिद्रं ०.४५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या ई. कोलाय जंतूची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन आणि लांबी एक-दोन मायक्रॉन, म्हणून पाणी खाली जातं आणि जंतू वर अडकतात. शंभर मिलिलिटर पाण्यात एकच जंतू असला तरी तो त्या चकतीवर कुठेतरी बसलेला असतो. आपल्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये. थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तसा दाखला कुणालाच देता येणार नाही. त्यासाठी आधी ते सगळं पाणी एका जागी गोळा करावं लागतं, आणि हा संच नेमकं तेच करतो.

मेम्ब्रेन मग जंतू वाढवणाऱ्या लॉरिल सल्फेटच्या द्रवात (मीडियात) भिजलेल्या पॅडवर ठेवायचा. त्यात लॅक्टोज असतं आणि फिनॉल रेड हा रंग. विष्ठेतून आलेले कोलिफॉर्म, म्हणजे ई. कोलाय आणि त्याच्या जातीचे जंतू, ४४ अंशांना लॅक्टोज आंबवून आम्ल तयार करतात, आम्लाने रंग बदलतो आणि सकाळी झाकण उघडल्यावर लालसर चकतीवर पिवळे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे आदल्या दिवशीच्या पाण्यातला एक जिवंत जंतू आणि त्याचा रात्रभरात वाढलेला गोतावळा. मेम्ब्रेनवर चौकटी छापलेल्या असतात, त्यामुळे मोजणं सोपं जातं.

या मोजण्यामुळे काय होतं, ते वारणाकाठच्या एका गावात मला दिसलं. तिथे एच-टू-एसच्या बाटल्या बऱ्याच ठिकाणच्या काळ्या आल्या होत्या आणि सगळ्यांचा राग पाण्याच्या टाकीवर होता. टाकी धुवा, नाहीतर नवी बांधा, अशी बोलणी चाललेली. आम्ही नळयोजनेच्या वाटेने एकेक नमुना घेत गेलो. टाकीच्या बुडाशी शून्य. मारुतीच्या देवळाजवळ शून्य. दूध संस्थेपाशी ४. खालच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाला सत्तरच्या वर. सगळ्या डिश ओळीने मांडल्या तेव्हा कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. एक आजी वाकून बघत म्हणाल्या, "बाई, ह्यो एकेक ठिपका म्हंजे एकेक जंतू व्हय? आणि ह्ये पानी माझी नातवंडं पित्यात?" त्याच दिवशी दूध संस्थेच्या पुढचा व्हॉल्व्हचा खड्डा उघडला. तो गटाराच्या पाण्याने काठोकाठ भरलेला होता. पाणी दिवसातून तासभरच सुटायचं. उरलेल्या वेळात रिकामी पाइपलाइन गळक्या जोडातून ते गटार आत ओढून घ्यायची. टाकीला कुणी हात लावला नाही. जोड बदलला, खड्डा उंच करून घेतला, आणि पुढच्या तपासणीत खालच्या गल्लीची डिश स्वच्छ निघाली.

टाकीवर होणारा मोठा खर्च वाचला आणि योग्य जागी छोटा खर्च झाला. काळ्या बाटलीला हे दाखवता आलं नसतं, कारण तिच्या लेखी ४ आणि ७० सारखेच. शिवाय मातीतले काही निरुपद्रवी जंतूही हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि विहिरीच्या पाण्याची बाटली त्यांच्यामुळेही काळी पडू शकते. जागतिक आरोग्य संघटनाही धोका आकड्यांवरच ठरवते: शून्य, १ ते १०, ११ ते १००, आणि शंभराच्या पुढे. कोणत्या गल्लीत आधी धावायचं, हे अशा पायऱ्यांवरून कळतं.

आता त्रासाचं. दोन नमुन्यांच्या मध्ये फनेल निर्जंतुक करावं लागतं आणि शेतात ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) नसतो. त्यावर युक्ती अशी की फनेलच्या भांड्यात थोडं मेथनॉल ओतायचं, पेटवायचं आणि विझत आलं की झाकण लावून टाकायचं. हवा अपुरी पडली की जळताना फॉर्मल्डिहाइड वायू तयार होतो आणि तोच आतला कोपरान् कोपरा निर्जंतुक करतो. झाकण घातल्यावर पंधरा मिनिटं थांबणं आवश्यक आहे, आणि ती पंधरा मिनिटं फार लांबतात, विशेषतः भोवती लोक जमलेले असताना. नेहमीच्या स्पिरिटने हे काम होत नाही, मेथनॉलच लागतं. ते विषारी, त्याच्या ज्वाला उन्हात जवळजवळ दिसत नाहीत आणि बाजारात ते सहज मिळतही नाही. आम्हाला महाविद्यालयामुळे मिळतं. एखाद्या बचत गटाने किंवा तरुण मंडळाने हा संच घ्यायचं ठरवलं तर पहिली अडचण इथेच येईल. माझ्या मते हा या संचाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. आधीच निर्जंतुक केलेली, एकदा वापरून टाकायची प्लॅस्टिकची फनेल मिळतात. ती महाग पडतात आणि कचरा वाढवतात, तरी लहान मुलांसमोर चाचणी दाखवायची असेल तर मी तीच नेते.

दुसरी अडचण आपल्या पावसाची. जुलैमध्ये नदीचं पाणी चहासारखं येतं आणि मेम्ब्रेन वीस-तीस मिलिलिटरवरच तुंबतो. पंप कितीही ओढला तरी पाणी वरच थबकून राहतं, आणि फार जोर केला तर मेम्ब्रेन फाटतो. मग १० मिलिलिटरच गाळायचं आणि आलेल्या ठिपक्यांना दहाने गुणायचं. नदीच्या कच्च्या पाण्याला हे चालतं, तिथे जंतू हजारांनी असतात. पण गढूळ नळाच्या पाण्याला १० मिलिलिटर गाळून शून्य आलं तर त्याचा अर्थ शंभर मिलिलिटरला शून्य असा होत नाही. पावसाळी अहवालात किती पाणी गाळलं ते ठळक लिहायला मी विद्यार्थ्यांना लावतेच. गढूळपणा मोजायची नळी बहुतेक संचांत असते, ती आधी वापरावी. मानकात गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं एकक) आत असावा असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत. त्याच्या पुढचं पाणी असेल तर एका नमुन्यासाठी दोन-तीन मेम्ब्रेन वाटून वापरायची तयारी ठेवूनच निघावं.

इन्क्युबेटरबद्दल विक्रेते फार गोड बोलतात. खरं तर गाळणं कुठेही जमतं, अवघड असतं ते ४४ अंश रात्रभर टिकवणं. अर्धा अंश इकडे-तिकडे झाला तरी निकालावर परिणाम होतो. नवी बॅटरी एक रात्र सहज काढते, जुनी झाली की पहाटे दगा देते, आणि शाहूवाडी-गगनबावड्याकडे थंडीत मुक्काम असला की तिच्यावर जास्तच ताण पडतो. आमच्या संचाच्या विक्रेत्याने दिलेला चार्जर वर्षाच्या आत गेला आणि बदली मिळायला सारखे फोन करावे लागले. संच घेताना बॅटरी आणि चार्जर गावच्या बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहेत का, हे विचारून घ्या. क्लोरिन टाकलेल्या पाण्यातले जंतू अर्धमेले असतात, त्यांना थेट ४४ अंशांत टाकलं तर वाढणारे जंतूही मरतात आणि निकाल खोटा शून्य येतो. म्हणून गाळल्यावर किमान एक तास डिश साध्या तापमानाला ठेवायच्या. नमुन्याच्या बाटलीत थायोसल्फेट हवं, म्हणजे उरलेला क्लोरिन वाटेत मारत राहत नाही. माहितीपत्रकात या दोन्ही गोष्टी बारीक अक्षरांत होत्या, खरं तर त्या पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत हव्यात.

मुख्य मर्यादा मात्र यंत्राच्या गुणदोषांपलीकडची आहे. ०.४५ मायक्रॉनच्या छिद्रातून विषाणू आरपार जातात. हिपॅटायटिस ए किंवा ई, नोरोव्हायरस हे सगळे साधारण ३० नॅनोमीटरच्या, म्हणजे ०.०३ मायक्रॉनच्या घरातले. दिल्लीत १९५५ साली यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी शहरासाठी पाणी उपसायच्या वजिराबादच्या जागेपर्यंत पोचलं, तेव्हा पाण्यात क्लोरिनची मात्रा वाढवण्यात आली होती. जंतूंच्या साथी रोखल्या गेल्या, पण काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. पुढे तो हिपॅटायटिस ई असल्याचं निष्पन्न झालं. आमच्या जिल्ह्यात २०१२ साली इचलकरंजीने हाच आजार भोगला. आणि २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. त्या जंतूला कमी प्राणवायूची हवा लागते, आपल्या या डिशमध्ये तो उगवणारच नाही. इथे पिवळे ठिपके फक्त इतकंच सांगतात की या पाण्यात विष्ठा मिसळतेय. शून्य ठिपके म्हणजे विषाणूही शून्य, असं समजू नये.

विषाणू पकडायचे तर शंभर मिलिलिटर पुरत नाहीत, दहा-दहा, शंभर-शंभर लिटर पाणी गाळावं लागतं. त्यासाठी परदेशात डायलिसिसचं फिल्टरच वापरतात. रुग्णाचं रक्त शुद्ध करणाऱ्या त्या नळकांड्यात केसांसारख्या हजारो पोकळ तंतूंचा जुडगा असतो. एक टोक बंद करून पाणी आत ढकललं की पाणी तंतूंच्या भिंतीतून बाहेर पडतं, पण जंतू, विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी आतच राहतात. नंतर पॉलिफॉस्फेट आणि ट्वीन या साबणासारख्या रसायनाच्या द्रावणाने उलट्या दिशेने धुतलं की सगळा ऐवज अर्ध्या लिटरच्या आसपास द्रवात जमा होतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने ही पद्धत चांगली रुजवली आहे. नवा डायलायझर आणून, लहान पंप जोडून आम्ही ती विभागात करून पाहिली. गाळण्याचा भाग खरोखरच कुठेही नेता येण्याजोगा आहे आणि माझ्या विद्यार्थिनी तो पाहून हरखून गेल्या. पण त्या अर्ध्या लिटरमध्ये काय आहे ते ओळखायला पुढे पीसीआरची प्रयोगशाळा लागते. साथीच्या वेळी आरोग्य विभागाच्या पथकाकडे हे असायलाच हवं. ग्रामपंचायतीच्या उपयोगाचं ते नाही.

याहून स्वस्त साधन हवं असेल तर मूर स्वॅब आठवावा. ब्रेंडन मूर यांनी १९४८ साली इंग्लंडमध्ये गॉजची गुंडाळी दोरीने बांधून गटारात काही दिवस सोडून ठेवली आणि तिच्यात अडकलेल्या जंतूंवरून पॅराटायफॉइडच्या वाहकांचा माग काढला. वाहत्या पाण्यातून जंतू गोळा करायला आजही त्याला तोड नाही, फक्त तो मोजून देत नाही.

मग संच कुणी घ्यावा? ज्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे, त्यांनी जरूर. आषाढी वारीच्या वाटेवर पाण्याचे स्रोत तपासणाऱ्या पथकांनी तर अवश्य, कारण पालखी तळावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आकडा हातात येणं फार मोलाचं आहे. एखाद्या ग्रामपंचायतीने एकटीने घेऊ नये. आठ-दहा गावांनी मिळून घ्यावा आणि एक ठराविक माणूस त्यावर बसवावा, त्याला मानधन द्यावं. संचाची किंमत एकदाच मोजायची असते, पण मेम्ब्रेन, पॅड आणि मीडिया प्रत्येक नमुन्याला लागतात आणि एच-टू-एसच्या बाटलीपेक्षा बरेच महाग पडतात. फनेलचं सिलिकॉन वॉशर उष्णतेने कडक होतं, त्याचे दोन-तीन जादा घेऊन ठेवा. चिमटा बोथट टोकाचाच घ्या, टोकदार चिमट्याने मेम्ब्रेनला भोक पडतं.

घरच्या पाण्यासाठी कुणी विचारत असेल, तर नको. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा नाममात्र शुल्कात नमुना तपासून देतात. तिथूनच निर्जंतुक बाटली आणा. नळाचं तोंड ज्योतीने भाजून किंवा स्पिरिटने पुसून पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका, वर थोडी जागा मोकळी सोडा. बर्फ घातलेल्या डब्यातून सहा तासांच्या आत पोचवा. नमुना सोमवार-मंगळवारी द्यावा, म्हणजे डिश सुट्टीत अडकत नाही.