किटच्या घरात आठ महिने: घर उभं राहिलं, जोत्याने मात्र घाम काढला

पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीत, फॅक्टरीतून सुट्या भागांत आलेल्या घरात आम्ही एप्रिलमध्ये राहायला आलो. एक अख्खा पावसाळा काढलाय, म्हणून आता लिहिते. घर २४ बाय ३२ फुटांचं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा सांगाडा, दोन्ही अंगांनी सिमेंट बोर्ड, मधे रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर. हलक्या घराचा आग्रह सासूबाईंचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात त्यांच्या माहेरचं दगडमातीचं घर बसलं. तेव्हापासून डोक्यावर जड छप्पर नको म्हणतात.

घरावर मी खूश आहे. पावसाचा आवाज वाटला होता त्यापेक्षा कमी येतो. पण किट घेतलं की ठेकेदार शोधायची कटकट संपली, असं कुणी समजू नये. कंपनी जोत्याच्या वरचं बघते. पाया, ड्रेनेज, नळ, वायरिंग सगळं आपल्याला लोक शोधून करून घ्यावं लागतं. सांगाडा अकरा दिवसांत उभा राहिला, जोत्याला सात आठवडे लागले.

पायासाठी तिघांकडून रेट घेतले. सगळ्यात कमी रेटवाल्याला उक्तं काम दिलं नाही, कारण त्याने केलेलं एकही काम तो दाखवेना. ज्यांना दिलं त्यांनी दोन पावसाळे झालेलं जोतं दाखवलं. तिथल्या घरमालकिणीशी मी एकटीने बोलले, तेच जास्त उपयोगी पडलं. चूक माझी एकच झाली. जोत्यातली मुरमाची भर रेटमध्ये धरली आहे की नाही, हे लिहून घेतलं नाही. पाच ब्रास मुरमाचे पैसे वेगळे मोजावे लागले.

विटांच्या घराचं जोतं इंचभर तिरकं गेलं तर गवंडी गिलाव्यात सांभाळून घेतो. इथे आमच्या किटचे बोल्ट काँक्रीटमध्ये आधीच बसवायचे होते आणि सांगाड्याची भोकं फॅक्टरीतच पाडलेली. २४ आणि ३२ चा कर्ण बरोबर ४० फूट यायला हवा. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लावून झाल्यावर मी टेप धरायला लावला, तर एक कर्ण ४० फूट दीड इंच, दुसरा ३९ फूट साडेदहा इंच. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, एवढं चालतंय." मी म्हटलं, "दादा, विटांच्या घराला चाललं असतं, याला नाही चालणार." माल ओतायच्या आदल्या दिवशी सगळं उकलून पुन्हा काटकोनात घेतलं. त्यांना राग आला होता, पण सांगाडा आला तेव्हा एकेक बोल्ट भोकात बसलेला त्यांनी स्वतः पाहिला.

मधे पालच्या खंडोबाच्या यात्रेला गडी चार दिवस गेले. ते धरूनच चाला, आणि जूनच्या आत काम उरका, भातलावणीला एक माणूस मिळत नाही. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सावकाश घट्ट होणारं सिमेंट होतं, म्हणून दहा दिवस पाणी मारलं. ते मी दुसऱ्यावर सोडलं नाही.

जुलैत न्हाणीच्या भिंतीला खालून ओल आली. प्लंबर म्हणे बोर्डवाल्यांचं काम, बोर्डवाले म्हणत प्लंबरचं. बारा दिवस यातच गेले. प्लंबरने पाइपासाठी छिन्नीने भोक पाडून सिमेंटने बुजवलं होतं, बोर्डाला तडा तिथूनच गेला. प्लंबरचे पैसे मी पुरते देऊन बसले होते, तो फोन उचलेना. बोर्डवाल्या फिटरचे दहा टक्के पावसाळ्यानंतर द्यायचे ठरलं होतं. चूक त्याची नसताना त्यानेच येऊन तेवढा बोर्ड बदलला, गोल कटरने भोक पाडलं, सिलिकॉन भरलं. त्याचे दहा टक्के आणि वरची मजुरी त्याच दिवशी दिली.

भिंतीला कपाट टांगायचं तर आधी लोहचुंबक फिरवून आतले स्क्रू शोधा. त्या रेषेत पत्र्याचा खांब असतो, तिथेच वजन पेलतं.

उन्हाळ्यात पडवी काढायची आहे. जोतं त्याच मिस्त्रींना सांगितलंय, आणि मुरूम किती ब्रास आणि कुणाच्या पैशांचा, ते वहीत लिहून त्यांची सही घेतलीय.