ओपन रेल्स: मॅरियास पासवर आयसीएफ रेक, आणि एका टिकची गोष्ट

ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरचा, म्हणजे संगणकावर गाडी चालवण्याच्या प्रोग्रॅमचा, हा रिव्ह्यू लिहायला बसलो ते त्याच्या सेटिंग्जमधल्या एका टिकमुळे. परदेशी पॅसेंजर गाड्या भलत्याच रूटवर चालवत असाल, तर 'ग्रॅज्युएटेड रिलीज एअर ब्रेक्स' ही ओळ आधी शोधा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

2001च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरमधला अमेरिकेतल्या मोंटानाचा मॅरियास पास हा घाट माझा लाडका रूट, आणि तो ओपन रेल्समध्येही चालतो. प्रत्यक्षात तिथे बीएनएसएफ कंपनीच्या मालगाड्या आणि अ‍ॅमट्रॅकची एम्पायर बिल्डर ही प्रवासी गाडी धावते. मी तिथे डब्ल्यूडीएम-3ए हे आपलं डिझेल इंजिन आणि आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातल्या) डब्यांचा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी, नेतो. आपल्या हौशी मंडळींनी मेहनतीने बनवून फुकट वाटलेली मॉडेल्स आहेत ती, आणि हे इंजिन मूळ अल्को या अमेरिकन इंजिन कंपनीच्या घराण्यातलं. 3100 अश्वशक्तीचा तो आवाज रॉकी पर्वतात घुमला की मला भरून येतं. रेक 1676 मिमी गेजचा (रुळांमधलं अंतर), रूळ 1435चे. सिम्युलेटर त्याबद्दल हटकत नाही.

एसेक्स स्टेशनपासून घाटमाथ्यापर्यंत 1.8 टक्के चढ, म्हणजे साधारण 55ला 1. आपला भोर घाट 37ला 1 आहे, तिथे कर्जतला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. एसेक्सही मदतीच्या इंजिनांचंच ठाणं. चढताना काही त्रास नाही, घोळ उतरताना होतो.

टिक नसेल तर ब्रेक मालगाडीसारखे वागतात. थोडे सैल करायला जावं तर पूर्ण सुटतात. पुन्हा लावायचे तर हवा भरून यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात उतार गाडीला पळवतो. आपल्या डब्यांचे खरे एअर ब्रेक ग्रॅज्युएटेड रिलीजचेच असतात, टप्प्याटप्प्याने सुटणारे. टिक केली आणि तोच रेक माथ्यापासून एसेक्सपर्यंत एका वेगात शांतपणे उतरला. एफ5 दाबून एचयूडीमध्ये (पडद्यावर उमटणाऱ्या माहितीत) ब्रेकचे आकडे बघत उतरा, मग कळेल मी एवढं का लिहितोय. मात्र ही टिक गाडीगणिक नाही, सगळ्यांना एकदम लागू होते. अमेरिकन मालगाडी घेतली की आठवणीने काढावी लागते. हे मला अजिबात पटलेलं नाही.

विजेच्या गाड्यांसाठी वेगळा पर्याय आहे, 'ओव्हरराइड नॉन-इलेक्ट्रिफाइड रूट लाइन-व्होल्टेज'. त्याने ओडाक्यू या जपानी रेल्वे कंपनीची 7000 एलएसई ही विजेची गाडी वर वायर नसलेल्या मॅरियासवरही चालते. 11 डबे, दोन डब्यांत मिळून एक बोगी, ड्रायव्हर वरच्या मजल्यावर. 2018मध्ये ही गाडी सेवेतून गेली. आता ती चालवायची तर अशीच.

सुरुवातीला एक्सप्लोर मोडमध्ये (मोकळं फिरायच्या प्रकारात) लाइन रिकामी असते म्हणून मी नाराज होतो आणि एक तारा कापणार होतो. नंतर टाइमटेबल मोड शिकलो, ज्यात वेळापत्रकाचा तक्ता भरून इतर गाड्याही धावतात. तक्ता भरायला संध्याकाळ जाते, पण समोरून येणाऱ्या मालगाडीसाठी आपली आयसीएफ क्रॉसिंगला थांबते तेव्हा ती वसूल होते. तो तारा परत दिला.

पैशांचं म्हणाल तर प्रोग्रॅम पूर्ण मोफत आहे. जुन्या खेळाची सीडी माळ्यावर असेल तर फेकू नका, त्यातले रूट इथे चालतात. दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये एकेका इंजिनाला पैसे मोजून मी कंटाळलो होतो. तिथे परत जाणार नाही.